बेळगावहून आई-बाबांना लंडनला बोलावताना: काय आधी, काय नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली लंडनला राहणारी मुलं आई-वडिलांना बोलावतात तेव्हा बहुतेक घरांत एकच घोळ होतो. स्वस्त दिसलं म्हणून आधी तिकीट निघतं, मग व्हिसाची धावपळ सुरू होते, आणि विमा, औषधं, घराची तयारी हे सगळं निघायच्या आठवड्यात उरकलं जातं. व्हिसा नाकारला तर तिकिटाचे पैसे जातात. मिळाला तरी आंघोळीच्या टबचा काठ आईच्या गुडघ्यांना झेपत नाही हे ती आल्यावर कळतं. खाली दिलेलं काम पाच-सहा महिन्यांचं आहे. टप्पे मागेपुढे करू नका. व्हिसाचं शुल्क आणि अर्जाचे तपशील बदलत असतात, ते अर्ज भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच पाहा.

१. महिना ठरवा (सहा महिने आधी)

तुमची रजा कधी आहे हे नंतर बघू. आधी गावाकडचं वेळापत्रक बघा. खानापूरकडे भात असेल तर जून-जुलैत पेरणी आणि रोप लावण, नोव्हेंबरात सुगी. त्या दिवसांत वडिलांना ओढून आणलं तर त्यांचं मन शिवारातच राहतं. निपाणी-चिकोडीकडे ऊस असेल तर नोव्हेंबर ते मार्च तोड चालते. तोडीची टोळी केव्हा येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे हिवाळ्यातली तारीख कुणीच देऊ शकत नाही. शेतकरी घरांसाठी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ बहुधा सोयीचा पडतो, आणि तेव्हा लंडनची थंडीही ओसरलेली असते.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबर लक्षात ठेवावा. केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो (८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो). त्या महिन्यात ते लंडनला असतील तर चेहरा ओळखून जीवन प्रमाण देणारं ॲप निघण्याआधी त्यांच्या फोनवर चालवून पाहा.

डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतर. पहिल्यांदा येणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसाला डिसेंबर दाखवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. म्हणून सहा महिने राहावंच असं नाही. पहिल्या खेपेला सहा ते आठ आठवडे पुरतात. त्यापुढे कंटाळा सुरू होतो आणि तुमची रजाही संपलेली असते.

२. नावं आणि कागद जुळवा (पाच महिने आधी)

सीमाभागातल्या माणसांचा जास्तीत जास्त वेळ इथेच जातो, कारण एका माणसाचे कागद तीन भाषांत असतात. शाळेचा दाखला मराठीत, शेतीचा उतारा म्हणजे आरटीसी कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत. त्यातून स्पेलिंग फुटतं. मराठी वळणाने ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजी ‘डी’ने सुरू होतं, तर कन्नड उताऱ्याचं भाषांतर करणारा ते ‘जे’ने लिहितो. आईचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचं नाव आधारवर असतं. जन्मगावाचं नाव जुन्या कागदांत बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांत बेळगावी. गावाच्या नावातला हा फरक अधिकृत बदलामुळे आहे, त्याची काळजी नको. माणसाच्या नावातल्या फरकाची मात्र काळजी घ्या.

पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरा. बाकी प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून एक यादी करा. जिथे फरक दिसेल तिथे दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही भरपूर शिल्लक हवी. संपत आली असेल तर नूतनीकरण आत्ताच. पोलिस पडताळणीला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं.

जे कागद जोडणार आहात त्यांतला इंग्रजीत नसलेला प्रत्येक कागद पूर्ण भाषांतरित लागतो. भाषांतरावर चार गोष्टी हव्यात: भाषांतर मूळ मजकुराशी बरोबर असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव व सही, आणि त्याचा संपर्क. कन्नड उताऱ्याचा इंग्रजी सारांश चालत नाही.

उत्पन्न दाखवणारे कागद:

- पेन्शन असेल तर पेन्शनचा आदेश आणि ती जमा होते त्या बँक खात्याचे सहा महिन्यांचे तपशील.
- शेती असेल तर उतारा, साखर कारखान्याचं ऊस बिल, बाजार समितीची पट्टी, दूध डेअरीची बिलं, आणि ते पैसे खात्यात आल्याच्या नोंदी.
- पतसंस्थेत किंवा सोसायटीत ठेव असेल तर हाताने भरलेलं पासबुक पुरत नाही. शिक्का-सहीसह इंग्रजी पत्र मागा.

सावध: ‘बॅलन्स चांगला दिसावा’ म्हणून अर्जाच्या आधी बाबांच्या खात्यात चार-पाच लाख टाकणं ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अचानक आलेली रक्कम अधिकाऱ्याच्या लगेच नजरेत येते, आणि ती कुठून आली हे कागदावर नसेल तर संपूर्ण अर्जावरचा विश्वास उडतो. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं उघड लिहा आणि स्वतःच्या खात्याचे कागद जोडा. यात कमीपणा काहीच नाही.

३. अर्ज (प्रवासाच्या आधी तीन महिन्यांच्या आत)

प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, सुट्टीच्या मोसमात जास्तही. म्हणून हे तीन महिने सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा.

तुमच्या बाजूचे कागद: निमंत्रणपत्र, तुमच्या राहण्याच्या परवानगीचा पुरावा, नोकरीचं पत्र, सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे तपशील, घराचा भाडेकरार, आणि नातं सिद्ध करणारा तुमचा जन्मदाखला. भाड्याच्या घरात पाहुणे किती दिवस चालतात हे करारात पाहा आणि घरमालकाकडून लेखी संमती घ्या.

निमंत्रणपत्र एक पानाचं पुरे. कोण येणार, कुठल्या तारखा, कुठल्या खोलीत राहणार, कुठला खर्च कोण करणार, आणि परत जाऊन गावी त्यांच्यावर काय जबाबदारी आहे, एवढंच. या शेवटच्या मुद्द्याला लोक फाटा देतात. अर्ज पाहणारा अधिकारी मुळात एकच गोष्ट शोधत असतो: ही माणसं मुदतीत परत जातील का? जमीन, पेन्शन, घरातली म्हातारी आजी, दुसऱ्या मुलाचं कुटुंब, यांतलं जे खरं असेल ते पुराव्यासह सांगा.

बाळंतपणासाठी आईला बोलावणाऱ्यांनी शब्द जपून वापरावेत, आणि ते खरेही असावेत. लेकीच्या बाळंतपणात आई येऊन काही आठवडे मदत करते, नातवंडाला सांभाळते, हे चालतं. पण ‘मी कामावर परत जाणार, मग सहा महिने बाळाला आई बघेल’ असं लिहिलंत, किंवा बेत तसाच असेल, तर ते बाळ सांभाळण्याची नोकरी केल्यासारखं धरलं जातं आणि व्हिजिटर व्हिसात ते बसत नाही.

फॉर्म तुम्ही भरला तरी उत्तरं त्यांची आहेत. भरल्यावर फोनवरून प्रत्येक उत्तर मराठीत वाचून दाखवा. लेक काय काम करते, किती दिवस राहायचं आहे, तिकिटाचे पैसे कोण देणार, हे त्यांना स्वतः सांगता आलं पाहिजे.

बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी राहत्या राज्याचंच केंद्र हवं असं बंधन नाही, ही सीमाभागाला मोठी सोय आहे. निपाणी-चिकोडीच्या माणसाला पुणे जवळ पडतं, बेळगावच्या माणसाला बेंगळूरला रात्रीच्या रेल्वेने जाणं सोपं जातं. कर्नाटकचा पत्ता म्हणून बेंगळूरलाच जायला हवं हा समज सोडून द्या. बोटांना जखम किंवा गडद मेंदी असेल तर ती जाईपर्यंतची तारीख घ्या. शेतात राबलेल्या हातांचे ठसे फिके येतात, आठवडाभर आधीपासून रोज रात्री बोटांना खोबरेल लावायला सांगा.

खात्री करा: अर्जातल्या तारखा, निमंत्रणपत्रातल्या तारखा आणि तुमच्या रजेच्या तारखा एकमेकींशी जुळतात का? नावांचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणे आहे का?

४. व्हिसा आल्यावर तिकीट आणि विमा, त्याआधी नाही

व्हिसा डिजिटल असेल तर तो पासपोर्टवर छापलेला दिसत नाही. ऑनलाइन खात्यात त्यांचा चालू पासपोर्ट क्रमांकच जोडलेला आहे ना, ते पाहून मगच तिकीट काढा.

सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) बेंगळूर आणि मग लंडन असं जायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं, आणि सामान पुन्हा उचलून नव्याने द्यावं लागतं. वेगळीच तिकिटं घ्यावी लागली तर आदल्या दिवशी बेंगळूर गाठा. देवनहळ्ळीचा विमानतळ शहराबाहेर आहे, रेल्वे स्टेशनपासून दीड-दोन तास धरा. मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी पावसाळ्यात गाडीने आदल्या दिवशीच निघावं. बेंगळूर आणि मुंबई दोन्हीकडून लंडनची थेट विमानं आहेत. मधे कुठे विमान बदलून वाचणारे पैसे इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या जिवाला घोर लावतात. पहिल्या खेपेला थेटच पाठवा.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा, उशिरात उशिरा ४८ तास आधी. ‘मला चालता येतंय की’ म्हणून वडील नको म्हणतील. त्यांना सांगा, चालण्यासाठी नाही, वाट दाखवायला माणूस मिळावा म्हणून.

विमा भारतातून, निघण्याआधी घ्यायचा. ब्रिटनच्या व्हिसाला तो सक्तीचा नाही म्हणून लोक टाळतात आणि इथेच फसतात. पाहुण्यांना तातडीच्या विभागातली तपासणी आणि डॉक्टरची भेट फुकट असते, पण इस्पितळात दाखल केलं की इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल येतं. ५०० पौंडांच्या वरची अशी थकबाकी दोन महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. बीपी, साखर, जुनी शस्त्रक्रिया, सगळं विमा अर्जात लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा मंजूर होत नाही. सत्तरीच्या पुढे काही पॉलिसींत खोलीभाडं, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा असते. ती ओळ शोधून वाचा, आणि मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी तीच घ्या.

५. औषधं आणि फोन

औषधं मुक्कामापेक्षा दोन आठवड्यांची जास्त, मूळ पाकिटांत, हातातल्या पिशवीत. बेळगावच्या डॉक्टरची चिठ्ठी लंडनचा औषधवाला मानत नाही. तरीही चिठ्ठी हवीच, ती तपासणीला आणि इथल्या डॉक्टरला दाखवायला. औषधाच्या ब्रँडबरोबर मूळ घटकाचं नाव इंग्रजीत टाइप करून घ्या. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत घालू नका, तिथे ते गोठू शकतं.

बाबांचं भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि सिम बंद पडलं तर गावाकडचं हेस्कॉमचं (विजेचं) बिल भरणंही अडतं.

६. सामान: कुंदा घरीच ठेवा

बेळगावहून येणारी बॅग कुंद्याशिवाय भरत नाही, पण ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. पेढे, खवा, तूप, लोणी, सगळं त्यात आलं. मटणाचे पदार्थही नाहीत. सापडलं तर जप्त होतं, आणि वयस्क माणसाला परक्या विमानतळावर बाजूला उभं करतात, त्याचा धसका फार असतो. ताजी फळं, भाज्या, रोपं, बियाणं यांना बहुधा वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. आंबा आणि कढीपत्ता लंडनच्या भारतीय दुकानांत मिळतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यातल्या तेलामुळे खोबरं पेट घेणाऱ्या मालात धरतात आणि भारतातल्या विमानतळावर ते बॅगेतून काढून ठेवतात. बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, अळीव, सुंठ कोरडेच आणा. लाडू लंडनला इथल्या तुपात वळा.

बिनधास्त आणावं असं: चटणीपूड, काळा मसाला, जोंधळ्याचं पीठ, चिवडा, चकली. गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) दूध-खवा नसलेला पाहून, घटक छापलेल्या सीलबंद पुड्यात. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. शिवाय घरगुती पुड्यांवर काय आहे ते इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी लावा.

स्वेटरवर बेळगावात खर्च करू नका. तिथल्या थंडीचा स्वेटर इथल्या वाऱ्याला पुरत नाही. कोट आणि बूट आल्यावर घ्या.

७. घर: ते येण्याच्या दोन आठवडे आधी

न्हाणीघरापासून सुरुवात करा. टबचा काठ उंच असतो, ओल्या टबात पाय घसरतो. टबात रबरी चटई, बाहेर पायरी, भिंतीला घट्ट धरायला दांडा, आणि बसून आंघोळ करता येईल असा स्टूल. बादली आणि तांब्या आणून ठेवा. संडासात पाण्याचा जग ठेवा, फवारा बसवायचा तर घरमालकाला विचारून. टबाबाहेरच्या फरशीला पाणी जायला वाट नसते, हे पहिल्याच दिवशी दाखवा. नाहीतर सवयीने तिथे पाणी ओतलं जातं आणि खालच्या घराच्या छतातून गळतं.

स्वयंपाकघरात फोडणी टाकली की धुराची घंटा वाजते. पंखा आधी सुरू करायचा, मग तेल तापवायचं, हा क्रम आईला शिकवा. उदबत्ती-निरांजन घंटेखाली नको. इंडक्शन शेगडी असेल तर लोहचुंबक चिकटेल असाच कुकर चालतो. कुकर गावाहून आणायचा झाल्यास तिकडे चुंबक लावून बघायला सांगा.

दार! लंडनमधली बरीच दारं बाहेर पडून ओढलं की आपोआप कुलूपबंद होतात. कचरा टाकायला गेलेली आई चप्पल-शालीत बाहेर अडकते. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालायला द्या, दुसरी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा.

फ्रिजवर मोठ्या अक्षरांत मराठीत कागद लावा: घराचा पत्ता पोस्टकोडसह, तुमचे दोन नंबर, तातडीला ९९९, तब्येतीच्या सल्ल्याला १११, गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९.

८. विमानतळावर आणि पहिले चार दिवस

इमिग्रेशनसाठी एक कार्ड इंग्रजीत छापून द्या: मुलाचं नाव, पत्ता, फोन, किती दिवस, परतीच्या विमानाची तारीख. सोबत निमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट. विमान उतरल्यापासून तुमचा फोन मोकळा ठेवा. अधिकारी तुम्हालाच फोन करू शकतो.

लंडन भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे ते पहाटे दोन-तीनला जागे होणार. पहिल्या दोन दिवसांत पाहुणे, दर्शन, फिरणं काही ठेवू नका. सकाळी उजेडात अर्धा तास चालवा, दुपारी तासाच्या वर झोपू देऊ नका. साखरेची किंवा बीपीची गोळी कुठल्या वेळेला घ्यायची ते वेळेच्या फरकासह डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या. घड्याळ बदललं की मात्रा चुकते.

९. तुम्ही कामावर गेल्यावर

या खेपा बिघडतात त्या एकटेपणामुळे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, बंद दारं, कार्पेट, रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही. पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकवा: घराजवळची बाग आणि एक बस. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाला वेगळं ऑयस्टर कार्ड (बस-रेल्वेचं, आधी पैसे भरायचं) द्या, भारतीय बँकेच्या कार्डावर जादा आकार लागतात. बसमध्ये कार्ड फक्त चढताना लावायचं, ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे. बाहेर येताना विसरलं की जास्त पैसे कापले जातात.

शनिवार-रविवारी राजवाडे आणि पूल दाखवाच, पण आपल्या माणसाला ओळखीचं वाटेल तिथेही न्या. थेम्सच्या काठी अल्बर्ट एम्बँकमेंटवर बसवेश्वरांचा पुतळा आहे, त्याचं अनावरण नोव्हेंबर २०१५ मध्ये झालं. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचं घर आहे. तिथे डॉ. आंबेडकर शिकत असताना राहिले होते, आणि महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन स्मारक केलं आहे. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून चालू आहे. त्यांचे कार्यक्रम आधी बघून एका तरी कार्यक्रमाला न्या. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाजी घेताना आईला निदान भाव करायला मिळतो.

तब्येत बिघडली तर थेट इस्पितळात पळू नका. जीव धोक्यात असेल तर ९९९, नाहीतर आधी १११. मुक्काम २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी असेल तर जवळच्या जीपीकडे (भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) तात्पुरता रुग्ण म्हणून नाव घालता येतं. हे आजारी पडण्याआधी करून ठेवा. इस्पितळात दाखल करायची वेळ आली तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

१०. परतताना

परतीची तारीख परवानगीच्या शेवटच्या दिवसाच्या किमान दोन आठवडे आधीची ठेवा. विमान रद्द झालं किंवा ताप आला तरी मुदत ओलांडली जाऊ नये, कारण एका दिवसाचा जादा मुक्कामही पुढच्या अर्जात विचारला जातो. निघण्याआधी इस्पितळाचं काही बिल बाकी नाही ना, ते लेखी घ्या. बोर्डिंग पास, विमा, बिलाच्या पावत्या, आणि पहिल्या अर्जाची पूर्ण प्रत भाषांतरांसह एका फायलीत घाला. एक संच तुमच्याकडे, एक बेळगावच्या कपाटात. पुढच्या खेपेला आधीचा प्रवास कधी झाला, कधी परतलात हे विचारलं जातं, तेव्हा उत्तर त्या फायलीतूनच द्यायचं असतं.